कपाटातली गोधडी: आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापक समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सभासद,
आमची सहकारी गृहरचना संस्था, पुणे.

विषय: क्लब हाऊसमधून उतरवलेली गोधडी परत मिळण्याबाबत, आणि त्या निमित्ताने थोडं जास्त.

स.न.वि.वि.

गणपती जाऊन चार महिने झाले. थंडी पडली, आणि माझी गोधडी अजून सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात, डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) खालच्या खणात घडी घालून पडली आहे. तोंडी दोनदा विचारलं, एकदा लेखी अर्ज दिला. आपल्याकडून कागद आला तो एकच, उतरवतानाचा: 'सदर कलाकृतीमुळे सभासदांच्या खासगीपणाचा भंग होत असल्याने ती तात्काळ हटविण्यात येत आहे.' खाली सचिवांची सही आणि गोल शिक्का.

खोटं कशाला सांगू, आधी राग आला आणि मग हसू. अठरा वर्षं मी या सोसायटीत राहते. एवढ्या वर्षांत एकाही सर्क्युलरमध्ये, एकाही सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात 'खासगीपण' हा शब्द मला सापडलेला नाही. पार्किंग, टँकर, थकबाकी आणि सुरक्षा, एवढंच असतं. खासगीपण पहिल्यांदा अवतरलं ते माझ्या गोधडीसाठी. आता अवतरलंच आहे तर त्याला लगेच कपाटात घालू नका, एवढं सांगायला हे पत्र.

ज्यांनी गोधडी पाहिली नाही (गणपतीतल्या प्रदर्शनात ती भिंतीवर होती जेमतेम सत्तावीस तास, त्यातले नऊ तास क्लब हाऊसला कुलूप) त्यांच्यासाठी ती काय होती ते सांगते.

गेल्या मार्चमध्ये टेकडी उतरताना मी दहा रुपयांचे खारे शेंगदाणे घेतले. दाणे संपले, सवयीने पुडी उलगडली. निळे रकाने, बॉलपेनचं घाईचं अक्षर. तारीख, नाव, कुठून आले, फ्लॅट नं., मोबाईल, कारण, आत, बाहेर, सही. तिसऱ्या ओळीत माझ्याच फ्लॅटचा नंबर. माझ्या भावाचं नाव, त्याचा मोबाईल, कारणाच्या रकान्यात 'पर्सनल'. आत 7.10, बाहेर 11.40. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचं जे काही झालं ते त्या साडेचार तासांत झालं. त्याच्या नंबरावर मिठाचे कण चिकटले होते.

आपल्या गेटवरची भरलेली रजिस्टरं दर सहा महिन्यांनी रद्दीत जातात हे मला त्या दिवशी कळलं. रद्दीवाल्याकडे गेले. चार अख्खी शिल्लक होती, साडेसहा किलो. त्याने किलोला बावीस रुपये लावले. घासाघीस न करता कुणी जुनी रजिस्टरं मागतं म्हणजे काहीतरी असणार, हे तो धंद्याचा माणूस असल्यामुळे ओळखून होता. 143 रुपयांत आपल्या सोसायटीचं दोन वर्षांचं जाणं-येणं पिशवीत घालून मी घरी आणलं.

पानांच्या झेरॉक्स काढून त्या जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांवर उतरवल्या. पद्धत सोपी पण चिकट आहे: कापडाला मीडियम (चित्रकार वापरतात तो चिकट लेप) फासायचं, झेरॉक्स पालथी चिकटवायची, वाळली की पाण्याने भिजवून कागद बोटाने घासून काढायचा, काळी शाई तेवढी कापडावर राहते. उलटी उतरते, म्हणून आधी आरशातली प्रत काढावी लागते. पहिले सहा तुकडे मी हे विसरून वाया घालवले. मूळ पानं गोधडीच्या मधल्या थरात घातली. त्यामुळे ती दिसायला गोधडी असली तरी हात लावला की कुरकुरते. मग शिवण. प्रत्येक नावावर आणि मोबाईल नंबरावर धावदोऱ्याच्या इतक्या दाट ओळी घातल्या की अक्षर दिसू नये. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी आणि मी, दोघींनी तीन महिने शिवलं. सरळ टाके त्यांचे, वाकडे माझे. मजुरी ठरवून दिली. पाटीवर त्यांचं नाव घालायचं होतं, तर म्हणाल्या, 'नको ताई, आमचं नाव गेटवर लिहितात तेवढं बास.'

मधोमध दाराचं भिंग बसवलं, आपण पाहुणा कोण ते बघायला दाराला लावतो ते. त्यामागे जुना मोबाईल, आणि समोरच्या खांबावर छोटा कॅमेरा. भिंगाला डोळा लावला की आत काय दिसायचं? डोळा लावून उभ्या असलेल्या माणसाची पाठ. आरतीनंतर पोरांनी रांग लावली होती. 'काका, तुमच्या शर्टाला मागून भोक आहे' हे अध्यक्षांना त्याच भिंगामुळे कळलं, आठवत असेल. युक्ती माझी नाही. अमेरिकन कलावंत ब्रूस नॉमन याने 1970 मध्ये एक अरुंद बोळ उभारला, टोकाला दोन टीव्ही ठेवले. त्यातल्या एकावर आपण दिसतो, पण कॅमेरा पाठीमागे वर बसवलेला. टीव्हीजवळ जावं तशी आपली पाठ लांब लांब जाते. मी त्याला पुण्याचं दार लावलं, इतकंच.

आता तक्रारीकडे येते, कारण तक्रार अगदीच पोकळ नव्हती.

नावं झाकली म्हणजे माणूस झाकला अशी माझी समजूत होती. उरलेल्या रकान्यांत काय आहे ते मी तीन महिने टाके घालूनही नीट वाचलं नव्हतं. एका तुकड्यावर एकाच सकाळी ओळीने चौदा वेळा, चौदा वेगवेगळ्या अक्षरांत, कारण लिहिलं होतं: 'मयत'. कुठल्या घरी ते सांगायला नाव कशाला पाहिजे? दुसऱ्या एका तुकड्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी 'फिजिओ', मग एका मंगळवारपासून काहीच नाही. आणखी एकीकडे दोन रविवारी 'मुलगी बघणे', तिसऱ्या रविवारी नाही. ज्या काकूंनी पहिली तक्रार केली त्यांना त्या फिजिओच्या ओळींत त्यांचे यजमान दिसले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तो तुकडा मी शिवायला नको होता. मी त्यांच्याकडे जाऊन माफी मागितली, इथेही मागते.

पण काकूंना जे माझ्या गोधडीवर दिसलं ते आधी गेटवर उघड्या रजिस्टरात होतं. पाणी मागायला थांबलेल्या कुरियरवाल्याला दिसत होतं. मग ते रद्दीवाल्याकडे होतं, मग शेंगदाण्यांभोवती. एवढ्या प्रवासात आपल्याला कुणाला भंग दिसला नाही. भिंतीवर टांगून खाली पाटी लावली तेव्हा दिसला.

चीनमध्ये आय वेवे नावाच्या कलावंताच्या बाबतीत असंच घडलं होतं. 2011 मध्ये सरकारने त्याला 81 दिवस डांबून ठेवलं, सुटल्यावरही स्टुडिओभोवती कॅमेऱ्यांची पाळत ठेवली. त्याने त्या कॅमेऱ्यांखाली लाल कंदील टांगले. मग अटकेला एक वर्ष झालं त्या दिवशी, 3 एप्रिल 2012 ला, त्याने स्वतःच्याच घरात चार कॅमेरे बसवले, एक तर पलंगाच्या वर, आणि सगळं इंटरनेटवर थेट दाखवायला सुरुवात केली. मला बघायचंय ना, घ्या, पोटभर बघा. दोन दिवसही झाले नाहीत तोच त्याला ते बंद करायला लावलं. बघणाऱ्याला बघायचं असतं, पण आपण बघतो हे चारचौघांत दिसलेलं चालत नाही. (आपली समिती चीनचं सरकार नाही हे मला ठाऊक आहे. आपल्याकडे लिफ्ट दुरुस्त व्हायला जास्त वेळ लागतो.)

प्रदर्शनात एक सभासद म्हणाले, 'लपवण्यासारखं काही नसेल तर भ्यायचं कशाला?' त्यांना हसन इलाहीची गोष्ट सांगायची राहिली. बांगलादेशात जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा कलावंत 2002 मध्ये परदेशातून परतताना डेट्रॉईटच्या विमानतळावर अडवला गेला. त्याने भाड्याच्या गोदामात स्फोटकं साठवल्याची कुणीतरी चुकीची खबर दिली होती. पुढे सहा महिने चौकशी, नऊ वेळा लाय डिटेक्टर. लपवण्यासारखं त्याच्याकडे खरोखरच काही नव्हतं, आणि तेच सिद्ध करता करता त्याचा जीव गेला असता. सुटल्यावर त्याने स्वतःवरच पाळत ठेवली. खाल्लेलं प्रत्येक ताट, वापरलेला प्रत्येक संडास, प्रत्येक विमानतळ, सगळ्याचे फोटो काढून वेबसाईटवर टाकत राहिला. हजारो फोटो झाले. एकातही तो स्वतः नाही. सगळं कळतं, आणि त्याच्याबद्दल काहीच कळत नाही. मला हे काम फार आवडतं, आणि थोडी धास्तीही वाटते, कारण एवढं करायला आयुष्याची वीसेक वर्षं मोकळी लागतात. आपल्या गेटवरच्या पोराला ती चैन परवडणार नाही.

अध्यक्ष, आपण मला म्हणालात, 'आपण वाड्यात वाढलेली माणसं. तिथे कुठे होतं खासगीपण?' नव्हतंच. आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात सामाईक नळावर कुणाची धुणी किती हे सगळ्यांना पाठ होतं. माझ्या पहिल्या नोकरीचा पगार मला कळायच्या आधी खालच्या बिऱ्हाडाला कळला. पण त्यांचंही सगळं मला कळत होतं. त्यांच्या घरातलं भांडण आम्ही ऐकायचो आणि दुसऱ्या दिवशी ऐकलंच नाही असं दाखवायचो. असं दाखवता येणं हीच तिथली भिंत होती. डीव्हीआरला तसं दाखवता येत नाही, आणि त्याच्या घरात काय चाललंय हे आपल्याला कधी दिसत नाही.

आता एक कबुली देते. दोन वर्षांपूर्वी माझ्या दारातल्या अडुळशाच्या आणि गवती चहाच्या कुंड्या कुणीतरी पाडल्या. मीच ऑफिसात जाऊन फुटेज मागितलं. कुणी अर्ज मागितला नाही, कुणी नोंद केली नाही. वॉचमनदादांनी खुर्ची दिली, माऊस हातात दिला आणि चहा सांगायला गेले. कुंड्या मांजराने पाडल्या होत्या, पहाटे 4.22 ला. मला हे दहाव्या मिनिटाला कळलं. मी उठले पावणेदोन तासांनी. मधल्या वेळात मी काय बघत होते? काहीच नाही. समोरचे आजोबा लिफ्टची वाट बघताना पाय बदलत होते. तिसऱ्या मजल्यावरची सून कचऱ्याची बादली ठेवून भिंतीला टेकली आणि चार मिनिटं तशीच उभी राहिली, मग डोळे पुसून आत गेली. मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. का, ते विचारू नका. त्या दिवसापासून ती लिफ्टमध्ये भेटली की मी मोबाईल काढते.

ही माझी गत झाली, मी बरी बाई आहे असं माझं मत असताना. म्हणून कॅमेरे काढून टाका असं मी म्हणत नाही. डी-विंगच्या सायकली त्यांच्यामुळेच सापडल्या. पण त्या खुर्चीत कोण बसतं याची नोंद कुठे आहे? श्रावणात रात्री सव्वाला परत आलेल्या मुलीचा स्क्रीनशॉट सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, खाली 'कोणत्या विंगची?' आणि सहा अंगठे. ती नर्स आहे, सेकंड शिफ्ट संपवून येत होती. हे दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना ग्रुपवर लिहावं लागलं. त्यांनी ते लिहिताना काय वाटलं असेल? तो स्क्रीनशॉट कुणी काढला ते आजतागायत कळलेलं नाही. भंगाचं सर्क्युलर तेव्हाही निघालं नाही.

कायद्याचं मला फारसं कळत नाही, पण गोधडीसाठी थोडं वाचलं. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग नावाच्या माणसाला 1941 मध्ये दरोड्याच्या संशयावरून पकडलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. तरी पोलिसांनी त्याचं हिस्ट्री शीट, म्हणजे संशयितावर पाळत ठेवायची नोंद, उघडलंच. रात्री-अपरात्री दारावर थाप, घरात आहे का म्हणून हाका, कुठे जातो-येतो त्याची नोंद. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीची थाप रद्द केली, पण खासगीपण हा काही मूलभूत हक्क नाही असंही म्हटलं आणि बाकीची पाळत चालू राहिली. हे दुरुस्त व्हायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. पुट्टस्वामी खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाचा हक्क मान्य केला. त्याच निकालपत्रात न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आणीबाणीतला 1976 चा जबलपूर खटल्याचा निकाल (सरकारने डांबलेल्याला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असा) चूक ठरवला. त्या निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्या चौघांत त्यांचे वडील होते, पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड. बापाने दिलेला निकाल मुलगा चूक म्हणू शकतो, मग मागच्या समितीचा ठराव आपल्याला का बदलता येऊ नये?

हा हक्क सरकारविरुद्ध आहे, सोसायटीविरुद्ध नव्हे, असं खजिनदार म्हणतील. मग 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायदा वाचावा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, मुख्य तरतुदींना दीड वर्षाची मुदत आहे. कागदी रजिस्टर त्यात येत नाही, पण गेटवरचं अ‍ॅप, त्यातले फोटो आणि नंबर हे सगळं डिजिटलच आहे. कशासाठी घेतलं ते सांगा आणि काम संपलं की पुसा, एवढा त्याचा साधा गाभा मला कळला. खरं तर 'खासगी' शब्दातच हे आहे. होळकरांच्या दौलतीत 'खासगी' म्हणजे राणीच्या नावची वेगळी मिळकत, तिचा हिशेब सरकारी खजिन्याशी मिसळायचा नाही. मिसळायचा नाही, एवढंच तर आहे.

आणि मावशींबद्दल. आपल्या अ‍ॅपवर त्यांचा फोटो आहे, त्या कुठल्या कुठल्या घरी जातात ती यादी आहे, गेटमधून कधी आल्या ते आहे, आणि त्यांना तारे द्यायची सोय आहे. माझ्याकडे त्या दहा मिनिटं उशिरा आल्या तर त्या वेळी बी-विंगमध्ये होत्या हे मला घरबसल्या कळतं. मी किती वाजता उठते हे त्यांना कळायची सोय नाही. जाताना त्यांची पिशवी उघडून बघतात. माझी कुणी बघत नाही, आणि साडेसहा किलो सोसायटीची कागदपत्रं पिशवीतून आत आणली ती मी. इंग्रजांनी 1871 मध्ये अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये त्या माणसांची रोज हजेरी व्हायची. तो शिक्का 31 ऑगस्ट 1952 ला पुसला गेला. मावशी गेटवरच्या त्या अ‍ॅपला काय म्हणतात माहीत आहे? 'हजेरी.' 'थांबा ताई, हजेरी लावून आले.' त्यांना इतिहास सांगावा लागला नाही.

तेव्हा मागणी अशी. भरलेली रजिस्टरं रद्दीत न देता फाडून, भिजवून लगदा करा. लगदा मला दिलात तर त्याचंही काहीतरी करीन. गेटवर मोबाईल आणि कारण हे रकाने बंद करा, फ्लॅटमध्ये फोन लावून विचारलं की झालं. अ‍ॅपवरच्या नोंदी महिन्याभराने पुसा, तारे उद्याच काढा, आणि पिशव्या तपासणं आजपासून थांबवा. चौथ्या मजल्यावरचा कॅमेरा माझं दार उघडलं की थेट सोफ्यापर्यंत बघतो. तो पंधरा अंश वळवायला पाच महिने लागू नयेत. आणि डीव्हीआरजवळ एक रजिस्टर ठेवा. तेच निळ्या रकान्यांचं, नाक्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. नाव, फ्लॅट नं., कारण, बसले किती वाजता, उठले किती वाजता, सही. पहिली नोंद माझी करा, मागच्या तारखेने: कुंड्या, पावणेदोन तास. ते रजिस्टर मात्र कुणालाही बघायला खुलं असू द्या.

फिजिओचा तुकडा मी उसवून काकूंच्या हातात देणार आहे, तसं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. त्या जागी मावशींनी त्यांच्या जुन्या लुगड्याचा कोरा तुकडा काढून ठेवला आहे. पण उसवायला गोधडी हातात हवी. येत्या शनिवारी सकाळी अकराला मी ऑफिसात येईन, मावशीही येणार आहेत, दोघी मिळून उचलू. फक्त, सोसायटीच्या ऑफिसातून सामान बाहेर काढायचं तर गेटवर नोंद करावी लागते असा आपलाच नियम आहे. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं ते तोवर कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची एक सभासद